जागलीचं 'शिकारी' सामान: काय घेतलं, काय कामाला आलं, आणि पिस्तुलाचं खूळ

जागल्या (ता. परतूर, जि. जालना)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

मागच्या दोन हंगामांत जागलीच्या, म्हणजे रात्री पीक राखण्याच्या, नावाखाली माझे १९,६८० रुपये गेलेत. आकडा बायकोनं वहीत लिहून ठेवलाय, म्हणून इतका नेमका. घरात ह्या पसाऱ्याला 'शिकारीचं सामान' म्हणतात. कौतुकानं नाही, टोमणा म्हणून. शिकार मी उंदराशिवाय कशाची केलेली नाही अन् करायचीही नाही. पण सहा एकर रान नाल्याला लागून आहे, मका-भुईमूग घेतला की डुकरं, सोयाबीन-तूर घेतली की रोही, म्हणजे नीलगाय. जागल चुकत नाही.

सुरुवात बॅटरीपासून. पहिली घेतली आठवडी बाजारातून, साडेसहाशेला. आतल्या सेलवर छापलेलं '९९०० एमएएच'. पहिल्या रात्री लख्ख, चौथ्या रात्री दोन तासांत पिवळी. नंतर कळलं की त्या मापाच्या सेलमध्ये, म्हणजे १८ मिलिमीटर जाड अन् ६५ लांब, चांगल्यात चांगली कंपनी साडेतीन हजारांच्या आसपासच भरते. बाकी सगळी छपाईची कमाल. दुसरी अठराशेची घेतली, ती दोन वर्षं झाली चालू आहे. झोत नाल्याच्या पलीकडच्या बाभळीपर्यंत जातो.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, जागून कळली. रोह्यावर झोत टाकला की डोळे हिरवे चमकतात, लांबून मोजता येतात. डुकराचे चमकत नाहीत. मी पहिला महिनाभर चमकणारे डोळे शोधत बसलो अन् डुकरं माझ्यासमोर भुईमूग उकरत होती.

मग दुर्बीण, चोवीसशेची. दिवसा छान. रात्री तिचा उपयोग गळ्यात अडकवायला. जर्किन घेतलं, ठिपक्याठिपक्यांचं, जंगलातल्यासारखं. ते घालून पहिल्याच रात्री सालगडी मला ओळखेना, काठी घेऊन आला. चाकू घेतला सातशेचा, त्यानं आजवर फक्त टरबूज कापलंय.

अन् मुख्य खर्च म्हणजे छऱ्याची बंदूक. ०.१७७ ची, म्हणजे नळीचं भोक (बोअर) तेवढ्या इंचाचं, नळी मोडून भरायची, देशी बनावटीची, ९,२०० रुपये. वर २,१०० ची दुर्बीण बसवली. पंधरा दिवस आखाड्यामागं, म्हणजे शेतातल्या झोपडीमागं, डबे टांगून सराव केला. सात-आठशे छरे गेले असतील. पंधरा पावलांवर बाटलीचं झाकण लागायला लागलं अन् मी हवेत. मग एका रात्री कळप आला. जनावराला मारायचं नाही हे पक्कं होतं, नुसता आवाज करावा म्हणून बाजूच्या धोंड्याच्या दिशेनं एक छरा सोडला. फट्ट. टायर बसल्यासारखा आवाज. पुढच्या डुकरानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, अन् परत भुईमुगात तोंड घातलं.

तर प्रश्न असे. ती बंदुकीवरची दुर्बीण महिन्याभरात बिघडली, आता आतली रेघ गरगर फिरते, का? अन् दुसरं, धाकटा भाऊ मागं लागलाय की स्वस्तातलं एखादं पिस्तूल परवान्यानं घेऊ, कमरेला असलं म्हणजे भ्या वाटत नाही. आईच्या डोक्यात तर बीडच्या आष्टीकडं माणसं मारणारा बिबट्या बसलाय. कुणी असलं हत्यार शेतात वापरून पाहिलंय का?

नेमबाज_पोट्टा (छत्रपती संभाजीनगर)

दुर्बिणीचं सांगतो. तुमची बंदूक स्प्रिंगची आहे. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढं जातो, तेव्हा बंदूक मागं येते. दट्ट्या पुढच्या टोकाला आदळतो, तेव्हा बंदूक पुढं जाते. म्हणजे दोन्हीकडून धक्का. साधी दुर्बीण एकाच दिशेचा धक्का सोसेल अशी बनवलेली असते, स्प्रिंगच्या बंदुकीवर ती मरतेच. एअरगनसाठी म्हणून वेगळी मिळते, तीच घ्यायची. खरं तर पंधरा-वीस पावलांसाठी दुर्बीण लागतच नाही, उघड्या माशीवर, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणेवर, शिका. आम्ही दहा मीटरवर मारतो. एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पिस्तुलाला साडेअकरा मिलिमीटरचा, आणि दोन्हीत दुर्बिणीला बंदी.

अजून दोन गोष्टी. छरा न घालता कोरडा चाप ओढू नका, दट्ट्या नुसता आपटून स्प्रिंग आणि सील दोन्ही जातात. आणि छरा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवा. चाप सुटला तर नळी फटकन मिटते, बोटं तिथंच असतात. आमच्या रेंजवर नवीन पोराला पहिला धडा हाच.

आवाजाचं म्हणाल तर ती बंदूक आवाजासाठी नाहीच. अर्ध्या ग्रॅमचा छरा, सेकंदाला दोनशे मीटर धरा, म्हणजे दहा जूलच्या आसपास ताकद. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसाची दोन हजारांच्या वर जाते. डुकराच्या कातडीवर दहा जूल म्हणजे गोमाशी.

जागल्या

पण एवढं सोपं असेल तर दुकानदारानं 'डुकराला चालते' कामून सांगितलं मला?

काळा_कोट (परभणी)

दुकानदाराला विकायची होती म्हणून.

आता जरा कायद्याचं, कारण धागा वाचून उद्या कुणीतरी छरा घालून बसेल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ पर्यंतच्या बोअरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पावती जपून ठेवा, प्लास्टिकमध्ये घालून बंदुकीसोबतच ठेवा, रस्त्यात कुणी अडवलं तर तीच तुमचा वकील. ०.२२ ची एअरगन मात्र परवान्याशिवाय घेऊ नका, 'सगळे घेतात' हे उत्तर कोर्टात चालत नाही.

परवाना नको याचा अर्थ जनावरावर चालवता येते असा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या लांबलचक आहे. मारणं, जखमी करणं तर आलंच, फासा लावणं, आमिष ठेवणं, पकडणं आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणंही शिकारच. काळवीट आणि मोर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आहेत, तिथं शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात. हरभऱ्यात काळवीट शिरलं म्हणून छरा मारणारे माझ्याकडं अशील म्हणून आले आहेत. तीन वर्षांचा हरभरा विकला तरी तारखा भरून निघत नाहीत.

रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली त्यांना मारायची परवानगी देता येते, आणि आपल्या राज्यात त्यासाठी जुलै २०१५ चा शासन निर्णय आहे. पण ती परवानगी वन खात्याकडून लेखी घ्यायची असते, आणि मारलेलं जनावर सरकारचं. परवानगी मिळाली म्हणून ताटात घेता येत नाही. ते डोक्यातून काढा.

पिस्तुलाबद्दल. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याची सोय आहे, पण ती पिस्तुलाची नाही. पीक राखायला ठासणीची बंदूक, आणि संरक्षणाला किंवा खेळाला वीस इंचांपेक्षा आखूड नळी नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागायचं तर जिवाला खास धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. 'भ्या वाटतं' हे कारण अर्जात लिहिलेलं मी वाचलं आहे. पुढं काय झालं ते सांगत नाही.

हळदीचं_रान (ता. वसमत, जि. हिंगोली)

वाचून हसू आलं. आमच्या घरातही असलाच एक पसारा आहे, फक्त वही मी लिहीत नाही.

दादा, एकोणीस हजारांत गमबूट घेतले का नाही? तुमच्या यादीत दिसले नाहीत. जागलीला बिबट्यानं मेलेला माणूस मी ऐकला नाही आमच्याकडं, साप चावून मेलेले ऐकले. घोणस पायवाटेवर वेटोळं घालून बसते, पाय पडेपर्यंत हलत नाही. चारशे रुपयांचा रबरी बूट पिंडरीपर्यंत येतो. अन् आखाड्यात खाली घोंगडं टाकून झोपत असाल तर ते बंद करा. मण्यार रात्रीची हिंडते, झोपलेल्याच्या अंथरुणात येते, चावलेलं कळतसुद्धा नाही, दुखत नाही फारसं. बाज घ्या, वर मच्छरदाणी, अन् तिच्या कडा गादीखाली खोचा. आमच्या मालकांना हे सांगायला मला दोन वर्षं लागली, बंदुकीचं मात्र त्यांना दुकानदारानं पाच मिनिटांत पटवलं.

आमची आजी गोफणीनं ज्वारी राखायची. माळ्यावर उभी राहून नुसती मोकळी गोफण फिरवून झटका दिला की फाट्कन वाजायचं, पाखरांचा थवा उठायचा. दगड घालायची गरज दहातून एकदा. तुमच्या त्या फट्टपेक्षा आवाज मोठा होता एवढं नक्की सांगते. खर्च, अंबाडीचं सूत.

जागल्या

ताई, बूट घेतले होते, ३८० ला. लिहायचे राहिले. बाजेचं मात्र खरंय. दंडवत.

ढाण्या_वाघ

हे सगळे कायदे सांगणारे रात्री एसीत झोपत्यात. पंधरा-वीस हजारात देशी कट्टा मिळतो, नंबर पायजे तर व्यनि (खासगी निरोप) कर

संपादक

वरच्या सदस्याचं खातं गोठवलं आहे. प्रतिसाद मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे कशावर कारवाई होते ते कळेल. पुन्हा असा विषय आला तर धागा वाचनमात्र होईल.

माजी_सुभेदार (उदगीर)

बरं केलं ठेवला. त्याच्यावरच बोलतो.

कट्ट्याची नळी म्हणजे कुठला तरी पाइप. काडतुसाचा दाब सोसायला नळीचं पोलाद, तिची जाडी, मागचं कुलूप सगळं तपासून, चाचणीचं काडतूस उडवून शिक्का मारावा लागतो. कट्ट्याला कोण शिक्का मारणार? फुटला तर पुढच्याचं काही होवो न होवो, धरणाऱ्याचा पंजा जातो. तुरुंगाची गोष्ट त्याच्यानंतरची.

आता परवान्याच्या पिस्तुलाचं. मी २२ वर्षं नोकरी केली, पिस्तूल बाळगलं, शिकवलं. निवृत्तीनंतर बारा बोअरचा परवाना काढला, ती घरी आहे. लोकांना सिनेमामुळं वाटतं की पिस्तूल म्हणजे आखूड बंदूक. तसं नाही. नळी आखूड, नेमाच्या दोन माश्यांमधलं अंतर वीतभर, त्यामुळं मनगट केसभर हललं तरी पंचवीस पावलांवर गोळी हातभर बाजूला. दिवसा, रेंजवर, स्थिर उभ्या माणसाची ही गत. रात्री चिखलात, एका हातात बॅटरी, समोर पळणारं जनावर, छातीत धडधड. नेम लागला तर तो योगायोग समजावा.

लागला तरी काय? आपल्याकडं नागरिकाला मिळतं ते साधारण ०.३२ चं रिव्हॉल्व्हर. त्या गोळीची ताकद दीडशे जूलच्या आसपास. रानडुकराच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं. ते जखमी होऊन तुरीत शिरलं की सकाळी कापणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येणार. जखमी डुकरासारखं वाईट जनावर दुसरं नाही.

किंमत बघा. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, बायकांसाठी म्हणून, वजन अर्धा किलो. तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं. 'स्वस्तातलं पिस्तूल' ही वस्तू कायदेशीर दुनियेत नाही. शिवाय काडतुसाला मर्यादा, प्रत्येकाची नोंद. सराव कशानं करणार? सराव नसलेल्या माणसाच्या कमरेचं हत्यार हे फक्त त्याच्याकडून हिसकावून घेता येण्यासारखी वस्तू असते.

बारा बोअरचंही ऐका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, मग झेडपी. डुकरांना आचारसंहिता नाही. ऐन हंगामात माझी बंदूक ठाण्याच्या कपाटात अन् मी डबा वाजवत बांधावर, असं झालेलं आहे. आणि लग्नात हवेत बार काढायचं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

कोरडवाहू (ता. अहमदपूर)

सुभेदारसाहेबांशी सहमत. एक अवांतर: आजोबांची ठासणीची बंदूक घरी आहे, निजामाच्या वेळची. परवाना त्यांच्या नावावर, वय ८१. नंतर तिचं काय करायचं?

काळा_कोट

नंतरची वाट बघू नका. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा परवान्याला २५ वर्षं झाली, तर हयातीतच वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला स्वतःचा परवाना मंजूर व्हावा लागतो, आपोआप होत नाही. आजोबा गेल्यावर माळ्यावर तशीच पडून राहिली तर ते बेकायदा हत्यार, मग ते निजामाचं असो की आणखी कुणाचं. परवान्याची मुदतही तपासा, आता ती पाच वर्षांची असते.

बालाघाटी (ता. आष्टी, जि. बीड)

बिबट्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०२० च्या शेवटाला आमच्या तालुक्यात माणसं गेली ती खरी गोष्ट. त्या दिवसांत दिवसासुद्धा बाया कापूस वेचायला जाईनात. शेवटी त्याला करमाळ्याच्या बाजूला गोळी घातली, ती सरकारी हुकमानं. तेव्हा गावात किती जणांनी पिस्तुलाचे अर्ज करायचं ठरवलं होतं, मी स्वतः धरून. आज विचाराल तर माझ्याजवळ काय आहे? हातभर लांब काठीला घुंगरू, डोक्याला बॅटरी, अन् मोबाइलवर मोठ्यानं कीर्तन. हसू नका. बिबट्या आवाज ऐकला की वाट बदलतो. वाकून काम करणारा एकटा माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, म्हणून दोघांनी जायचं, उभं राहायचं, बोलत राहायचं.

पण खरं काम केलं झटका मशीननं, म्हणजे कुंपणाच्या तारांत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्रानं. लोक घेतात अन् पंधरा दिवसांत शिव्या घालतात, कारण तीन चुका. एक, अर्थिंग, म्हणजे मशीनची जमिनीत ठोकलेली सळई. आपली काळी माती वाळली की भेगाळते, सळई भेगेत लोंबकळत राहते, झटका बसत नाही. सळई खोल ठोका, बाजूला खड्डा करून आठवड्याला दोन बादल्या पाणी. दोन, गवत. तारेला गवत टेकलं की सगळा झटका गवतातून जमिनीत. खालची तार डुकराच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून वीतभर, म्हणून गवत काढणं रोजचं काम. तीन, रोही. दोन तारांवरून ते सहज उडी मारतं, त्याला छातीच्या वरपर्यंत तारा पाहिजेत.

मशीनचा झटका सेकंदाला एकदा, क्षणभराचा असतो, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. घरातल्या लाइटीचा आकडा थेट तारेला जोडणं ही वेगळी गोष्ट. त्यात करंट सुटतच नाही, चिकटलेला माणूस निघत नाही. आमच्या शिवारात असं एक मरण झालंय. शेजाऱ्यानं डुकरासाठी सोडलेला करंट, मेला तो पाणी द्यायला गेलेला पोरगा. दोन्ही घरं उठली. एक ह्या जगातून, एक गावातून.

काळा_कोट

आणि तो सदोष मनुष्यवध होतो. 'डुकरासाठी लावला होता' हा बचाव नाही.

लातूरकर_पोर

पीव्हीसी पाइपची कार्बाइडवाली तोफ कशी आहे? आमच्याकडं बाजारात दीडशे-दोनशेला मिळते, आवाज बॉम्बसारखा. स्वस्तात मस्त.

नेमबाज_पोट्टा

नको. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्याच पाइपानं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. वाजली नाही म्हणून नळीत डोकावून बघतात, तेवढ्यात उडते. रेंजवर आम्हाला छऱ्याच्या बंदुकीलासुद्धा चष्मा घालायला लावतात, आणि इथं लोक स्फोट तोंडाजवळ धरतात.

हळदीचं_रान

आमच्या गावातल्या दुकानात तीच तोफ खेळण्यांशेजारी टांगलेली आहे. विचारलं तर म्हणे, माकडांसाठी.

जागल्या

सगळ्यांचे आभार. वेळ लागला, तूर काढणीला आली होती.

भावाला सुभेदारसाहेबांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. सव्वा लाखाच्या आकड्याला तो गप्प झाला, नेमाच्या मुद्द्याला नाही. चालतंय. आईला बालाघाटींचं कीर्तन फार पटलं, आता रोज संध्याकाळी माझा मोबाइल आधी ती चार्ज करते.

छऱ्याची बंदूक विकली नाही. आखाड्यामागं मातीचा ढीग रचला, दहा मीटर मोजून घेतले, पुतण्या अन् पुतणी रविवारी चष्मा घालून कागदावर मारतात. पुतणीचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. नेमबाजभाऊ, तिला संभाजीनगरला आणायचं तर वय किती लागतं ते व्यनित सांगा. बिघडलेली दुर्बीण तिनं उघडून भिंगं काढून घेतलीत.

गळ्यातली दुर्बीण अन् ठिपक्यांचं जर्किन विकायचंय. जर्किन दोनदाच घातलंय.

झटका मशीन घेतलं, उत्तरेच्या बांधाला दोन तारा ओढल्या, बादल्या चालू आहेत. बाज आणली, मच्छरदाणी वसमतच्या पद्धतीनं खोचली. काल रात्री डुकरं आली होती, तारेला एक टेकलं, असं किंचाळलं की मी बाजेवरून पडता पडता राहिलो. मग सगळी नाल्याच्या अंगानं शिरली. तिकडं तार ओढायची राहिलीय, अन् नाल्यातलं गवत कमरेएवढं आहे. बालाघाटी, तिथं खालची तार कशी ठेवू?

बालाघाटी

नाल्याच्या काठाला ठेवूच नका, पाणी आलं की वाहून जाईल. काठापासून दहा फूट आत या, तेवढी पट्टी सोडून द्या. आधी गवत कापा, मग खुंट्या. अन् जर्किनचं माप काय?